तपासणी फुकट करू नका! ऑटोमॅटिक गिअर ऑइलच्या घरपोच कामाबद्दल माझं स्पष्ट मत



गॅरेज टाकायचा विचार करणाऱ्या प्रत्येक मुलाला कुणीतरी एक सल्ला हमखास देतं : "सुरुवातीला चेकिंग फुकट ठेव, गिऱ्हाईक आपोआप जमतं." मीसुद्धा एकेकाळी माझ्या वर्गात हेच सांगायचो. आता सांगत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअर ऑइलच्या कामात तर तपासणी अजिबात फुकट ठेवू नका, असं माझं मत आहे. व्हिडिओत हिशोब मांडायला वेळ पुरत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. कागद-पेन घेऊन बसा.

हे काम आपल्या जिल्ह्यात का चालेल?

बिनगिअरची गाडी आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९७२ साली कायनेटिकची लुना आली ती आपल्या नगरमधूनच. क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही, मूठ पिळली की गाडी निघाली. आपल्या मास्तरांनी, पोस्टमननी, दूधवाल्यांनी ती वर्षानुवर्षं पळवली. चारचाकीत मात्र ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांचं काम, असा समज बरीच वर्षं होता. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी घेऊन आली आणि साध्या घरातल्या माणसालाही बिनक्लचची चारचाकी परवडू लागली.

आज संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव कुठेही बघा. डॉक्टर, निवृत्त शिक्षक, गुडघे दुखणारे काका, नव्याने गाडी शिकलेल्या ताई, सगळ्यांकडे ऑटोमॅटिक दिसते. त्यातल्या बऱ्याच गाड्या पुण्याहून सेकंड-हॅण्ड आलेल्या. आधीच्या मालकाने गिअर ऑइल कधी बदललं, याचा कागद नाही. इंजिन ऑइल सगळ्यांना माहीत असतं, पण गिअरबॉक्सलाही ऑइल असतं हे अनेकांच्या गावीच नसतं. आणि अकोल्याच्या किंवा जामखेडच्या माणसाने फक्त ऑइल बघायला नगरला गाडी न्यायची म्हटली, तर अख्खा दिवस गेला.

म्हणजे गिऱ्हाईक आहे, गरज आहे आणि जवळपास जाणकार माणूस कमी. घरी जाऊन तपासून देणाऱ्याला काम मिळणार. प्रश्न एवढाच, की पैसे कशाचे घ्यायचे?

मेव्हण्याची गाडी

एक घरातलीच गोष्ट सांगतो. माझ्या मेव्हण्याने एक वापरलेली ऑटोमॅटिक घेतली. सीव्हीटी प्रकारची. गावात एका गॅरेजचं फुकट चेकअप शिबिर लागलं, म्हणून हा हौसेने गाडी घेऊन गेला. तिथल्या मुलाने ऑइल बघितलं, "काळं पडलंय, कमी पण आहे" म्हणाला आणि एक लिटर लाल ऑइल वरून ओतून दिलं. बिल किरकोळ. मेव्हणा खूश.

दोन-तीन आठवड्यांनी सगळे पाथर्डीकडे निघाले. करंजी घाटात इंजिनचा आवाज वाढतोय, पण गाडी काही वेग घेईना. मग धक्के, मग करपल्यासारखा वास. गाडी टोचन करून परत आणावी लागली. गिअरबॉक्स उघडला. सीव्हीटीला चालणारं ऑइल वेगळं असतं. आत ओतलेलं होतं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचं, तेही प्रमाणापेक्षा जास्त. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या वर गेला.

मी चिडून त्या मुलाला भेटायला गेलो. मुलगा वाईट नव्हता. आयटीआय झालेला, हातात कला असलेला. तो मला म्हणाला की सर, दिवसभरात वीस गाड्या फुकट बघितल्या, संध्याकाळी मालकाला काय दाखवू?

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितोय. त्या मुलाला फसवायचं नव्हतं. त्या दिवसाची मांडणीच अशी होती, की दोष सापडला तरच रोज निघणार होता. तपासणी फुकट ठेवली की दोष शोधावा लागतो, आणि सापडला नाही तर डोळ्यांना दिसायला लागतो.

आता हिशोब बघू

आकडे उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या तालुक्याचे आकडे घालून तुम्ही पुन्हा मांडा.

समजा तुम्ही दिवसाला तीन गाड्या घरी जाऊन तपासता. महिन्याचे वीस दिवस काम. म्हणजे साठ गाड्या. तपासणीचे ३०० रुपये. झाले १८,००० रुपये. साठपैकी सहा गाड्यांना खरोखर ऑइल लागलं आणि प्रत्येकी मजुरी ८०० रुपये घेतली. ४,८०० रुपये. एकूण २२,८०० रुपये. पेट्रोलचे रोजचे २०० रुपये, म्हणजे ४,००० रुपये वजा. हातात उरले १८,८०० रुपये.

आता तेच काम फुकट तपासणी ठेवून करा. गाड्या तेवढ्याच, पेट्रोल तेवढंच. २२,८०० रुपये जमवायला ८०० रुपयांप्रमाणे किती गाड्यांत ऑइल ओतावं लागेल? एकोणतीस. गरज होती सहा गाड्यांना. मग बाकीच्या तेवीस गाड्यांचं काय? त्यांना तुम्ही काहीतरी कारण सांगणार. "काळं पडलंय", "पातळ झालंय", "पुढच्या महिन्यात त्रास देईल". आणि त्या तेवीस गाड्यांपैकी एक जरी मेव्हण्याच्या गाडीसारखी निघाली, तर वर्षाची कमाई नुकसानभरपाईत जाईल. गावात नाव जाईल ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, सर, आम्ही प्रामाणिक आहोत. असालच. पण घरभाडं थकलेलं असताना प्रामाणिकपणाची रोज परीक्षा घेणारी दरपद्धत ठेवायचीच कशाला?

"पण ३०० रुपये नुसतं बघायचे कोण देईल?"

हा प्रश्न रास्त आहे. शेतीतलं उदाहरण घ्या. कृषी सेवा केंद्रात पीक पिवळं पडलं म्हणून गेलं, तर सल्ला फुकट मिळतो, पण तो बहुतेक वेळा एखाद्या बाटलीवरच येऊन थांबतो. त्याउलट माती परीक्षणाला आपण पैसे देतो आणि कागद घेऊन येतो. त्या कागदावर "स्फुरद पुरेसं आहे" असं लिहिलं असेल, तर शेतकऱ्याचे खताचे पैसे वाचतात. तपासणाऱ्याला खत विकायचं नसतं, म्हणून त्या कागदाला किंमत असते.

तुम्हीही कागद द्या. तोंडी "ठीक आहे" म्हणालात तर कुणी ३०० रुपये देणार नाही. छापील कार्ड करा. त्यावर तारीख, किलोमीटर, गिअरबॉक्सचा प्रकार, कंपनीने सांगितलेलं ऑइल, लेव्हल, रंग, वास, गळती आणि शेवटी ठळक ओळ : "सध्या काही करण्याची गरज नाही" किंवा "हे काम करा". डिपस्टिकचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. सेकंड-हॅण्ड गाडी घेणाऱ्याला तर हे कार्ड सोन्यासारखं आहे. सौदा करायच्या आधी तोच तुम्हाला बोलावेल.

आणि एक, "ऑइल टाकलं तर चेकिंगचे पैसे वजा" अशी ऑफर ठेवू नका. मग गिऱ्हाईकच म्हणतं, पैसे द्यायचेच आहेत तर टाकून टाका ऑइल. पुन्हा त्याच खड्ड्यात.

पहिले दोन-तीन महिने गिऱ्हाईक कमी येईल, हे मान्य. शेजारचा फुकट बघून देत असेल, त्याच्याकडे गर्दी दिसेल. तेवढी कळ काढायची तयारी ठेवा.

तपासणी म्हणजे नक्की काय? आधी प्रकार ओळखा

३०० रुपये घ्यायचे तर काम तसं यायला हवं. बॉनेट उघडण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ऑटोमॅटिक हा एक शब्द आहे, आत चार वेगळी यंत्रं असू शकतात.

१. एएमटी : आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. यात साधं गिअर ऑइल असतं. ज्यात हायड्रॉलिक यंत्रणा आहे, तिचं ऑइल आणखी वेगळं.

२. टॉर्क कन्व्हर्टर : खरं जुनं ऑटोमॅटिक. यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं.

३. सीव्हीटी : पट्टा किंवा साखळी आणि दोन पुल्या. याला सीव्हीटी फ्लुइडच लागतं.

४. ड्युअल क्लच : याला कंपनी सांगेल तेच.

एकाचं दुसऱ्यात चालत नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका. लाल दिसलं म्हणजे एटीएफ आणि एटीएफ म्हणजे सगळं सारखं, या समजानेच मेव्हण्याची गाडी बसली. डब्यावरचा स्पेसिफिकेशन नंबर आणि मॅन्युअलमधला नंबर जुळला पाहिजे. नाही जुळला तर डबा उघडायचा नाही.

डिपस्टिक असेल तर घरच्या अंगणात असं बघा

टॉर्क कन्व्हर्टरच्या ज्या गाड्यांना डिपस्टिक असते, त्यांची साधारण पद्धत अशी. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. गार ऑइल आणि गरम ऑइल यांची लेव्हल वेगळी दिसते. गाडी सपाट जागी लावा. वाड्यासमोरचा उतार चालणार नाही. हॅण्डब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, इंजिन चालू. गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा एकेका जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत पी वर आणा. आता डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. लेव्हल "हॉट"च्या दोन खुणांच्या मध्ये हवी.

मग रंग आणि वास. स्वच्छ आणि पारदर्शक असेल तर उत्तम. गडद तपकिरी आणि करपलेला वास म्हणजे आतल्या क्लच प्लेटा जळतायत. दुधाळ गुलाबी म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. गाडी तिथेच थांबवायची. बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर आत धातू झिजतोय.

लेव्हल कमी असेल तर लगेच नरसाळं काढू नका. इंजिन ऑइल थोडं जळू शकतं, पण गिअरबॉक्सचं ऑइल जळून संपत नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळतंय. चेंबरचं पॅकिंग, कूलरचा पाइप, अ‍ॅक्सलचं ऑइल सील, खाली वाकून बघा. गळती न शोधता ऑइल ओतणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

भरायचंच ठरलं, तर लांब नरसाळ्याने डिपस्टिकच्या नळीतून पाव-पाव लिटर घाला आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा. जास्त झालं तर फिरणाऱ्या भागांत ते घुसळतं, फेस होतो, दाब नीट तयार होत नाही आणि गिअरबॉक्स तापतो. कमी जितकं वाईट, तितकंच जास्तही वाईट. घालणं सोपं, काढणं अवघड, हे लक्षात ठेवा.

पूर्ण बदलताना खालचा बोल्ट काढला तरी सगळं ऑइल बाहेर येत नाही. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. म्हणून निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा, तेवढंच नवं भरा आणि मग लेव्हल बघा.

डिपस्टिकच नसेल तर?

आजकालच्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते. अशा गाडीची लेव्हल खालच्या प्लगमधून बघतात. गाडी लिफ्टवर अगदी समांतर, इंजिन चालू, स्कॅनर लावून ऑइलचं तापमान मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांत आलं की प्लग उघडायचा. बारीक धार किंवा थेंब पडला तर लेव्हल बरोबर. तापमान चुकलं तर सगळंच माप चुकलं.

हे काम अंगणात जॅकवर होत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जायचं नाही. अशा वेळी गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा : "दादा, बाहेरून गळती बघितली, स्कॅनरवर कोड बघितले, चालवून बघितली. लेव्हल मात्र लिफ्टशिवाय बघता येणार नाही." आणि कार्डावर तसंच लिहा. "नाही" म्हणून ३०० रुपये घेता येतात, हे तपासणीला दर लावल्यामुळेच शक्य होतं. फुकटवाल्याला "नाही" म्हणणं परवडत नाही.

सुरुवात स्कूटरपासून करा

हात बसवायला चारचाकीची वाट बघू नका. गल्लीत प्रत्येक दारात बिनगिअरची स्कूटर उभी आहे. तिचा पट्टा कोरडाच चालतो, पण मागच्या चाकाजवळच्या गिअरमध्ये ऑइल असतं, जेमतेम शंभर-सव्वाशे मिली. बरेच जण ते कधीच बघत नाहीत. अनेक स्कूटरमध्ये मेन स्टॅण्डवर लावून भरायच्या भोकाचा बोल्ट काढला, की खालच्या काठापर्यंत ऑइल दिसायला हवं. माप घेणं, बोल्ट योग्य ताकदीने आवळणं, वॉशर बदलणं, कार्ड भरणं, ही सगळी शिस्त इथे शिका. इथली चूक स्वस्तात पडते.

कागदपत्रं आणि जळकं ऑइल

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. अवजारांसाठी कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेचा शिशू गट ५० हजारांपर्यंत आहे. पण आधी स्वतःच्या शंभर कार्डांचा अनुभव घ्या, मग बँकेत जा. स्कॅनर हप्त्यावर घेतला की हप्ता भरण्यासाठी दोष सापडायला लागतात. पुन्हा तोच आजार.

निघालेलं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. शेजारी वाळवीसाठी मागतील, त्यांनाही देऊ नका. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत. विहिरीच्या पाण्याचं मोल तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या आठवड्याचं काम

ओळखीतल्या पाच ऑटोमॅटिक गाड्यांची मॅन्युअल मागून घ्या. प्रत्येकीचा गिअरबॉक्सचा प्रकार, ऑइलचा स्पेसिफिकेशन नंबर, डिपस्टिक आहे की नाही, हे वहीत लिहा. मग तुमचं तपासणी कार्ड तयार करा आणि त्यावर तुमचा दर छापा. हाताने लिहू नका, छापा. छापलेला दर मागायला लाज वाटत नाही.

आणि पहिल्या गिऱ्हाईकाला ते कार्ड हातात देताना, सगळं ठीक असेल तर सरळ सांगा : "काका, ऑइल छान आहे, काही टाकायची गरज नाही. ३०० रुपये झाले." हे वाक्य न अडखळता म्हणता आलं, की समजा तुमचा धंदा सुरू झाला.

भेटू पुढच्या व्हिडिओत.